फुनाकोशी सेन्सेईंनी तीन कातांना दहा वर्षं दिली, हे खरंय का?

नेहा_वाकड: मंडळी, माझी लेक शोतोकान कराटेला जाते. क्लासमध्ये या शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी सेन्सेईंचा (सेन्सेई म्हणजे गुरुजी) फोटो लावलाय, पोरं आल्या आल्या त्याला वाकून नमस्कार करतात. परवा सर सांगत होते की यांनी फक्त तीन काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच) शिकायला दहा वर्षं घालवली. आणि इकडे बघावं तर सारखं ग्रेडिंग (बेल्टची परीक्षा), नवा बेल्ट, नवी काता. त्यांचं शिक्षण नक्की कसं झालं, आणि त्या काळी बेल्ट होते का? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा प्लीज.

मकिवारा: खरंय ताई, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. जन्म 1868 चा, ओकिनावा बेटावरच्या (आज जपानमध्ये) शुरीचा, दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं पोर, तब्येत इतकी नाजूक की फार जगेल असं घरच्यांना वाटत नव्हतं. शाळेतल्या मित्राचे वडील म्हणजे आझातो आंको, त्यांच्याकडे हा मुलगा रात्री कंदील घेऊन चालत जायचा, कारण तेव्हा कराटे उघडपणे शिकवत नसत. अंगणात काता करायची, आझातो ओट्यावर ताठ बसून बघणार आणि म्हणणार "पुन्हा". झाली की परत "पुन्हा". कधीतरी "बरं". बस्स, कौतुक संपलं. एकच काता महिनोन् महिने, आणि ती त्यांच्या मनासारखी झाल्याशिवाय पुढची नाही. रोज तेच करून रडकुंडीला यायचो असंही त्यांनी लिहिलंय. पुढे त्यांचे दुसरे गुरू इतोसु आंको यांच्याकडे तीन नाइहांची (आपण ज्यांना तेक्की म्हणतो त्याच) करण्यात ती दहा वर्षं गेली. आणि हे सगळं नोकरी सांभाळून बरं का, 1888 पासून ते शाळामास्तर होते, दिवसा शाळा आणि रात्री सराव. मला तर हा माणूस आधी शिक्षक वाटतो आणि मग लढवय्या.

सुहास_जुदो: बेल्टचं मी सांगतो कारण तो आमच्या घरातला विषय आहे. ओकिनावात बेल्ट नव्हतेच. ही पद्धत जुदोची, जुदोचे संस्थापक जिगोरो कानोंची. 1922 मध्ये फुनाकोशी तोक्योला प्रात्यक्षिकासाठी आले तेव्हा कानोंनी त्यांना आपल्या जुदो शाळेत, कोदोकानमध्ये बोलावून कराटे करून दाखवायला लावलं, तिथून दोघांचा स्नेह जमला. मग 1924 मध्ये फुनाकोशींनी पहिल्यांदा आपल्या विद्यार्थ्यांना ब्लॅक बेल्ट दिले. म्हणजे बेल्ट काही आजकालच्या क्लासवाल्यांनी काढलेलं खूळ नाही, स्वतः सेन्सेईंनीच तो आणला. फक्त तेव्हा त्याच्यामागे घाई नव्हती.

रेवा_डोंबिवली: तोक्योतला काळ वाचून मला भरून येतं. प्रात्यक्षिक आटपून परत जायचं होतं, पण लोकांनी आग्रह केला म्हणून राहिले, वय पन्नाशीच्या पुढे, खिशात पैसे नाहीत, बायको ओकिनावातच. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांचं एक वसतिगृह होतं, मेइसेइ जुकु, तिथे एका छोट्या खोलीत राहायचे आणि दिवसा झाडलोट, वॉचमनचं काम करायचे. जेवणाचे पैसे कमी व्हावेत म्हणून तिथल्या स्वयंपाक्याला कराटे शिकवलं! एकदा एक पत्रकार मुलाखतीला आला, अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारतो, फुनाकोशी सेन्सेई कुठे भेटतील? हे म्हणाले थांबा जरा, वर जाऊन नीट किमोनो घालून खाली आले आणि म्हणाले मीच फुनाकोशी. पुढे शिष्यांनी वर्गणी काढून शोतोकान दोजो (सरावाची जागा) बांधून दिला तर 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तो गेला, त्याच वर्षी मुलगा योशिताका गेला, दोन वर्षांनी बायको गेली. तरी त्यांनी शिकवणं सोडलं नाही, 1957 मध्ये वारले तोपर्यंत.

नेहा_वाकड: बापरे, यातलं काहीच माहीत नव्हतं. लेकीला झोपताना स्वयंपाक्याची गोष्ट सांगणारे. मग आता क्लासचं काय करू, सरांशी बोलू का? ग्रेडिंगची फी भरायला माझी ना नाही, पण तिची जुनी काता दोन महिन्यांत विसरायला होते त्याचं वाईट वाटतं.

मकिवारा: बोला की, चांगले सर असतील तर त्यांना उलट बरंच वाटेल. सरळ सांगा की एक ग्रेडिंग सोडू, पण हेइआन शोदान (सुरुवातीची काता) पक्की करून घ्या. घरीही रोज तीच एक करू दे, तुम्ही आझातोंसारखं समोर बसून बघा फक्त, चुका काढू नका, ते काम सरांचं. आणि शोतोकानमध्ये साधारण ब्राऊन बेल्टच्या आसपास तेक्की शोदान येते. दिसायला अगदी साधी, किबा-दाचीत (घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकून) बसून एका रेषेत डावीकडे-उजवीकडे जायचं, उडी नाही काही नाही, म्हणून पोरांना बोअर होते आणि ती उरकून टाकतात. पण मांड्या पेटतात तिच्यात, आणि कंबर फारशी न वळवता खालून ताकद कशी आणायची ते तिथेच कळतं. तिच्यावर मात्र घाई करू देऊ नका.