संशोधकांशी गप्पा : विज्ञान कळतं, की कळल्यासारखं वाटतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)
विज्ञान लोकांपर्यंत न्यायचं म्हणजे एक संशोधक बोलवायचा, समोर मुलाखतकार बसवायचा आणि दोन तास गप्पा. नाशिकला गर्दीही होते. व्याख्यानं ऐकायची सवय गावाला जुनी, वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. पण अशा गप्पांतून विज्ञान कळतं हे मला पटत नाही. बालपण, गुरू, परदेशातले किस्से. मूळ विषय निघाला की मुलाखतकार ‘वा, अद्भुत!’ म्हणून पुढे. ‘हे कशावरून?’ कोणी विचारत नाही. त्यापेक्षा नीट लिहिलेला लेख बरा. अडलं की मागे जाऊन पुन्हा वाचता येतं.

निफाडचा बागायतदार
दादा, तुम्ही सभागृहातल्या गप्पा बघितल्या. हेक्साकोनॅझोल हे बुरशीनाशक द्राक्षाच्या भुरी रोगावर चालतं, डावणी रोगावर नाही, एवढं दुकानदारही सांगतो. का नाही, ते एका संशोधक ताईंनी चर्चासत्रात सांगितलं, तेही मी मध्येच हात वर केला म्हणून. भुरी ही खरी बुरशी. तिच्या पेशीच्या पटलाला अर्गोस्टेरॉल नावाचं स्निग्ध द्रव्य लागतं आणि औषध ते बनणंच थांबवतं. डावणी दिसते बुरशीसारखी, पण कुळाने तपकिरी शेवाळाच्या जवळची. ती अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, मग औषध अडवणार काय? मी लगेच विचारलं, ‘मग मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण डावणीवर कसं चालतं?’ तर म्हणाल्या, मोरचुदातलं तांबं एकाच जागी घाव घालत नाही, कितीतरी प्रथिनं निकामी करतं. लेखाला असं मध्येच विचारता येतं का?

गोदाकाठ
भाऊ, प्रश्न चांगला होता म्हणून गप्पा चांगल्या झाल्या. मुलाखत घ्यायला तुम्हाला बसवतात कुठे?

सिडकोतली शिक्षिका
‘कशावरून’ गप्पांतच निघतं, असा माझा अनुभव. पाठ्यपुस्तकात जिबरेलिन म्हणजे खोड लांबवणारं संप्रेरक. एक ओळ, एक गुण. वनस्पतिशास्त्रातले एक संशोधक वर्गात आले तेव्हा मुलांनी विचारलं, हे शोधलं कसं? भाताची रोपं उंच, किडकिडीत होऊन आडवी पडायची, असा एक बुरशीचा रोग. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने ती बुरशी द्रवात वाढवली, मग द्रव गाळून बुरशी काढून टाकली आणि नुसता द्रव रोपांना दिला. रोपं तशीच उंच! म्हणजे करामत बुरशीने सोडलेल्या द्रव्याची. मागच्या बाकावरचा दिंडोरीचा मुलगा एकदम म्हणाला, ‘सर, हेच आमचं जीए!’ जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, द्राक्षाला देतात ते. थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या मण्यात बी अर्धवटच राहतं, त्यामुळे बियांकडून मिळणारं संप्रेरक कमी पडतं, म्हणून बाहेरून द्यावं लागतं, हे मग त्याच ओघात आलं.

कॉलेज रोडवाला
ताई, ते सर आपल्या विषयावर बोलत होते. मोठा माणूस विषय सोडून बोलू लागला की काय? लायनस पाउलिंगना १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल, १९६२ चं शांततेचं. १९७० पासून सांगत सुटले की भरपूर क जीवनसत्त्व घ्या, सर्दी होणार नाही. पुढच्या चाचण्यांत सर्वसाधारण माणसांची सर्दी टळताना दिसली नाही. तरी लोक अजून गोळ्या घेतात. गप्पांत नाव बोलतं, पुरावा नाही.

सिडकोतली शिक्षिका
अहो, पाउलिंगनी ते पुस्तक लिहून सांगितलं होतं! तुमचं उदाहरण आमच्याच बाजूचं. छापलं म्हणजे तपासलं, असं थोडंच आहे?

गोदाकाठ
टोला चांगलाय. पण पुस्तकातलं वाक्य पानावर राहतं, चार वर्षांनीही धरता येतं; गप्पांतलं हवेत जातं. माझं भांडण मुलाखतकाराशी आहे. त्याने संशोधकाचा निदान एक शोधनिबंध वाचून यावं, आणि अर्धा वेळ श्रोत्यांना द्यावा.

कॉलेज रोडवाला
अर्धा वेळ दिला की श्रोते प्रश्न नाही, भाषण करतात. नाशिककर आहोत आपण.

निफाडचा बागायतदार
करू द्या. फक्त कार्यक्रम ऑक्टोबर छाटणीत ठेवू नका, तेव्हा आमच्यातलं कोणी फिरकणार नाही.