झाड नसलेल्या माळावर चूल कशी पेटायची?

प्रश्न (कागल): १८७४ साली रशियातून जर्मन मेनोनाइट (एका ख्रिस्ती पंथाचे) शेतकरी अमेरिकेतल्या कॅन्ससला आले. नजर जाईल तिथवर गवतच. मग जळण कुठलं? आमच्याकडं निदान बांधावर बाभळ तरी असते.

उत्तर (शिरोळ): शेणीच की भावा! शेणात काड घालून तुडवायचं, विटा कापून उन्हात वाळवायच्या. घराच्या मधोमध विटांची भट्टी, त्यात गवतही घालायचे.

उत्तर (गडहिंग्लज): जमिनीचं म्हणाल तर, तिथल्या सरकारी जमीन वाटपाच्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळायची, पाच वर्षं राहून कसली की नावावर. या मेनोनाइटांनी मात्र बरीच जमीन रेल्वे कंपनीकडनं विकत घेतली.

प्रश्नकर्ता: त्याच साली टोळधाडीनं तिथला मका फस्त केला होता. यांचा ‘टर्की रेड’ गहू थंडीआधी पेरायचा, उन्हाळ्यात लवकर काढायचा. टोळ उतरायच्या आत रास घरात! बियाणं निवडणाऱ्याला माझा मनापासून रामराम.