चाळीतून टॉवरमध्ये: मोरी, विळी, पिंप आणि रात्रीच्या स्विचचं काय करायचं?

सुरंगी

गिरगावातल्या चाळीच्या दोन खोल्यांतून आई-बाबा दोन-अडीच महिन्यांत पुनर्विकासाच्या इमारतीत, १७व्या मजल्यावर जाणार आहेत. आई ७१ वर्षांची, उंची ४ फूट १० इंच, गुडघे ठीक, खाली बसून उठता येतं. बाबा ७६, रात्री दोनदा उठतात.

नव्या घरात बिल्डरने ओटा ३४ इंचांवर बसवून दिला आहे, एका टोकाला सिंक. लागून ४ बाय ३ फुटांची ड्राय बाल्कनी आहे, तिथे वॉशिंग मशीनचा नळ आणि जमिनीत जाळी आहे. बाथरूममध्ये शॉवर आणि कमोड. गॅस पाइपचा.

आई आयुष्यभर मोरीत पाटावर बसून भांडी घासत आली आहे, भाजी विळीवर खाली बसून चिरते आणि पहाटे उठून पिंप भरते. बाबा दिवसभर दार उघडं ठेवून बसतात. "नवीन घरात सवय होईल हो" असं सगळे म्हणतात. मला तेवढ्यावर सोडायचं नाहीये. यातल्या कोणत्या सवयींसाठी घरात जागा करून द्यावी, आणि कोणत्या खरंच बदलाव्या? इंटिरियरवाला मोरी म्हटलं की हसतो, म्हणून मापांसकट सांगा.

कडाप्पा

मोरी करून द्या. गुडघे चालत असताना एवढी रुळलेली सवय मोडायचं काही कारण नाही. नाही दिलीत तर त्या बाथरूममध्ये पाट टाकून भांडी घासतील, मग खरकटं बाथरूमच्या जाळीत जाईल आणि तुपकट फरशीवर बाबा घसरतील. जागा दिली नाही की सवय जात नाही, चुकीच्या ठिकाणी जाऊन बसते.

ड्राय बाल्कनीची मूळ फरशी फोडू नका. खालचं वॉटरप्रूफिंग बिल्डरचं आहे. एकदा तुम्ही हातोडा घातलात की पुढे गळतीची तक्रार केल्यावर तो तुमच्याकडेच बोट दाखवणार. काम वरच्या वर करा.

आधी पाणी उभं करून बघा. जाळीचं तोंड कापड आणि प्लास्टरने बंद करा, उंबऱ्याला तात्पुरता बांध घाला, दीड-दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास ठेवा. खालच्या घराचं छत कोरडं राहिलं तरच पुढे जा. ओल दिसली तर तसंच बिल्डरला लेखी कळवा आणि दुरुस्ती त्याच्याकडूनच करून घ्या.

मग मशीन एका बाजूला, ४ इंचांच्या स्टँडवर. मशीनला साधारण २ फूट गेले की मोरीला २ फूट रुंदी आणि ३ फूट खोली उरते. बसून घासायला तेवढं चालतं, पण भांडी निथळायला जागा उरत नाही. म्हणून भिंतीवर बसल्या हाताच्या टप्प्यात, जमिनीपासून ३० इंचांवर, स्टीलची जाळीदार फळी लावा. दारात आणि मशीनच्या बाजूला ४ इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी इपॉक्सीने चिकटवा, हाच कठडा. आत जुन्या फरशीवर टाइल अॅडेसिव्हने खरबरीत फरशी किंवा पॉलिश न केलेला कडाप्पा. उतार जाळीकडे, तीन फुटांत अर्धा इंच. याहून कमी दिलात तर साबणाचं पाणी थांबतं, जास्त दिलात तर पाट डुगडुगतो. फरशी वर आली की जाळी खड्ड्यात जाते आणि त्या खड्ड्यात शितं साचतात. म्हणून जाळीची चौकट नव्या फरशीला समतल वर घ्यायला सांगा. गवंडी हे हमखास विसरतो. जाळीच्या आत बारीक भोकांची उचलता येणारी वाटी ठेवा, रोज एकदा रिकामी करायची.

नळाचं तोंड जमिनीपासून १६ ते १८ इंच, म्हणजे खाली बालदीही बसते आणि पाटावरून हातही पोचतो. मशीनच्या नळाच्या जागी दोन तोंडांची कॉक घालून एक फांदी उघड्या पाइपने खाली आणा.

इंटिरियरवाले मधला मार्ग म्हणून २० इंचांवर सिंक आणि पुढे बुटकं स्टूल सुचवतात. ते करू नका. बुटक्या स्टुलावर बसलं की गुडघे सिंकच्या काठाच्या पातळीला येतात, खाली जात नाहीत, आणि माणूस पाठ वाकवून लांबून हात घालतो. एकतर पाटावर बसायची मोरी, नाहीतर उभ्याने सिंक. उद्या गुडघे दुखायला लागलेच तर सिंक आहेच.

आता ओटा. ४ फूट १० इंच उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण साडेछत्तीस इंचांवर येतं. काम कोपराच्या ४ ते ६ इंच खाली असावं, म्हणजे ३१-३२ इंच. ३४ वर शेगडी ठेवली की बर्नर ३९ वर आणि पातेल्याचा काठ ४५ वर, जवळजवळ खांद्याला. पुरणाचं किंवा पिठल्याचं पातेलं घोटायला हात खांद्यातून उचलावा लागेल. शिवाय वाफ तोंडावर.

सबंध ओटा खाली घ्यायची गरज नाही. सिंक आहे तिथेच राहू दे, कारण तिथे हात काठावर नसतो, तळाशी असतो. ८ इंच खोल सिंकचा तळ २६ वर येतो, ठीक आहे. फक्त शेगडीचा ३० इंचांचा तुकडा कापून २९ वर बसवा. सांध्यावर वरच्या ओट्याच्या कडेला अर्ध्या इंचाची उठावाची पट्टी हवी, नाहीतर वर सांडलेलं सगळं पाणी शेगडीखाली येईल. खाली उतरल्यावर भिंतीवर ५ इंचांची उघडी पट्टी दिसेल, तिथे त्याच ग्रॅनाइटची पट्टी. ओट्यापुढे पाट ठेवून उंची वाढवायचा सल्ला कुणी देईल. अजिबात नको. गरम पातेलं हातात असताना मागे पाऊल टाकलं की पाटाची कड चुकते.

विळीसाठी स्वयंपाकघरात मधोमध ३ बाय ३ फूट मोकळी जमीन सोडा, आणि सर्वांत खालची ट्रॉली मिटणाऱ्या विळीसाठी राखून ठेवा. विळी जेवणाच्या टेबलावर ठेवून वापरता येत नाही: पातं छातीशी येतं, वरून जोर लागत नाही आणि हात घसरतो.

नळकोंडाळं

पिंपाबद्दल माझं मत वेगळं. ही सवय निम्मी ठेवा, निम्मी बदला.

चाळीत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून पिंप भरणं गरजेचं होतं. टॉवरमध्ये पाणी गच्चीच्या टाकीतून दिवसभर येतं, पण पंप बिघडला किंवा टाकी धुवायला काढली की नळ कोरडा पडतो. तेव्हा थोडा साठा शहाणपणाचाच. २०० लिटरचा ड्रम मात्र नको. प्रश्न वजनाचा नाही, बाल्कनीची स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबाने केलेली असते. प्रश्न असा की २०० लिटर पाणी दोन माणसांच्या घरात उपसलंच जात नाही, आणि न उपसलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो.

अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला मुंबईच्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून भांडं पालथं करा, काथ्याने आतून घासा, उन्हात वाळवा.

स्वयंपाकघरात प्यायला तोटीचं २० लिटरचं स्टीलचं पिंप, घट्ट झाकणाचं. मोरीत झाकणाच्या दोन बालद्या. आईंची पहाटेची पाणी भरायची वेळ तीच राहील, भरायचं भांडं फक्त लहान होईल. पिंप रोज रिकामं होऊन रोज भरलं जाईल, आणि ते डासाच्या दृष्टीनेही उत्तम.

बाथरूमचंही आताच बघा. बालदी-तांब्याने अंघोळ करणाऱ्याला शॉवरची काच अडचणीची, कोपर आपटतं. काच लावू नका. २० लिटरची बालदी १३-१४ इंच उंच असते. ती ८ इंचांच्या पक्क्या कट्ट्यावर ठेवली तर स्टुलावर बसून न वाकता तांब्या भरतो. मग नळाचं तोंड २४ इंचांवर लागेल, ते आधी मोजा.

फेज_न्यूट्रल

पहिलं काम: जुन्या खोलीतले सगळे बोर्ड मोजून घ्या. दाराच्या चौकटीपासून किती अंतर, जमिनीपासून किती उंच, आत शिरताना कोणत्या हाताला, आणि बोर्डवरचं कितवं बटण दिव्याचं. चाळीतले बोर्ड बऱ्याचदा ५ फुटांवर असतात, नव्या घरात ४ फुटांच्या आसपास. अंधारात हात जुन्याच उंचीवर जातो आणि भिंत चाचपत राहतो.

आता अडचण. नवे टॉवर बहुतेक मायवन पद्धतीचे असतात, म्हणजे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओतलेल्या. त्यात खाचा पाडून वायर फिरवता येत नाही, पाडू देऊही नका, सळई उघडी पडते. बोर्ड हलवायचा असेल तर वरून केसिंग पट्टी (भिंतीवर बसवून आतून वायर नेणारी पट्टी), एवढाच मार्ग. बटणांचा क्रम मात्र त्याच डब्यात बदलता येतो, दहा मिनिटांचं काम. जुन्या खोलीत दिव्याचं बटण डावीकडून पहिलं होतं ना? इथेही सगळ्या बोर्डांवर पहिलंच करा.

बोर्ड उघडलेल्या दाराच्या फळीमागे लपत असेल तर बोर्डाऐवजी दाराचे बिजागर दुसऱ्या बाजूला घेता येतात का ते सुताराला विचारा.

रात्रीसाठी बाबांच्या हातावर विसंबू नका. पलंगाखाली आणि बाथरूमच्या दाराशी, जमिनीपासून फूटभर वर, पिवळसर प्रकाशाचे सेन्सरचे छोटे दिवे. पाय खाली टेकला की पेटले पाहिजेत. पांढरा झगझगीत दिवा नको, त्याने डोळे दिपतात आणि झोपही उडते. गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते तिच्यावर छापलेला आकडा वाचून बघा, मग तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते तपासा.

गॅसबद्दल एक. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची आईंची सवय असेलच. ही जपायची सवय आहे, पाइपच्या गॅसलाही शेगडीआधी कॉक असतो. पण ट्रॉलीवाले तो कॉक ट्रॉलीच्या मागे गाडून टाकतात. कॉक उघडा, कमरेच्या उंचीवर आणि हाताशी राहील अशी खाच ट्रॉलीवाल्याकडून काढून घ्या.

पायरी

मी ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजची कामं माणसाला स्वतः करता यावीत यासाठीच्या उपचाराच्या, अंगाने लिहिते.

"सवय होईल" हे खरं, पण किती दिवसांत? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एखादी साधी गोष्ट आपोआप हातून होऊ लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेही नवी सवय लावून घ्यायला. ७६व्या वर्षी जुनी बाजूला सारून नवी बसवणं त्याहून अवघड. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत जे जिथे ठेवलं ते तिथेच राहू दे. फर्निचर हलवून बघणं, डबे पुन्हा लावणं, हे या काळात टाळा. रोज थोडं बदलणारं घर वयस्कर माणसाला पाठ होत नाही.

मिसळणाचा डबा, चहा-साखर, सांडशी, काडेपेटी किंवा लायटर या पाच-सहा वस्तू शेगडीच्या त्याच हाताला ठेवा ज्या हाताला जुन्या घरात आहेत. ओटा आरशातल्यासारखा उलटा झाला असेल, म्हणजे सिंक डावीकडून उजवीकडे गेलं असेल, तर हे जास्तच महत्त्वाचं. सांडशीसाठी हात सवयीने जिथे जातो तिथे आता पेटता बर्नर तर नाही ना, हे आईंना नुसतं उभं करून, गॅस न पेटवता, तपासा.

बाबांच्या पलंगाची बाजूही तशीच. उठून ज्या बाजूला वळायची सवय आहे त्याच बाजूला बाथरूमचं दार यावं. घर ताब्यात आलं की राहायला जाण्याआधी दोन-तीन वेळा संध्याकाळी, दिवे मालवून, त्यांना पलंगापासून कमोडपर्यंत चालवून आणा. वाटेत हात कुठे टेकतात ते बघा, दांडी तिथे लावा. कमोडशेजारची दांडी बसलेल्या माणसाच्या कोपराच्या पातळीला, आणि काँक्रीटमध्ये अँकर बोल्टने; टाइलवर चिकटवलेली दांडी भरवशाची नाही. टॉवेलचा रॉड तर आधाराला कधीच नाही.

उघड्या दाराची सवय निव्वळ हवेसाठी नसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द व्हावेत म्हणून असते. ती मोडली की माणूस गप्प होतो. आतलं दार उघडं ठेवता येईल असं बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर लावा आणि बाबांची खुर्ची तिथून लॉबी दिसेल अशी मांडा. १७व्या मजल्यावर वारा आरपार असतो, बाल्कनीचं दार उघडलं की मुख्य दार धाडकन आपटतं. बोटं चेमटतात. जमिनीवर चुंबकाचा स्टॉपर बसवून घ्याच. मूळ दार आगरोधक असेल तर ते बदलू नका, आणि खुर्ची किंवा चपलांचं कपाट लॉबीत नको, आगीच्या वेळी तीच बाहेर पडायची वाट आहे.

सुरंगी

खूप आभार. सगळं एकदम दोन महिन्यांत होणार नाही. आधी काय घ्यावं? आणि मोरीला सोसायटीची परवानगी लागते का?

कडाप्पा

ड्राय बाल्कनीची भिंत, ग्रील किंवा सांडपाण्याचा पाइप हलवत नाही, त्यामुळे हे घरातलं काम. तरी सोसायटीला किंवा अजून बिल्डरच असेल तर त्याला कामाचं पत्र देऊन लेखी होकार घ्या, ग्रॅनाइट कापायचं मशीन वर न्यायला वॉचमन तेच मागतो.

ताबा मिळाला की त्याच दिवशी पाणी उभं करा, कारण दोन दिवस त्यातच जातात. मधल्या वेळात जुन्या खोलीची मापं आणि फोटो. मग शेगडीचा तुकडा खाली घ्या. ट्रॉलीचं माप त्यानंतरच द्यायचं, नाहीतर ३४ च्या हिशेबाने बनलेली वरची ट्रॉली शेगडीखाली शिरणार नाही आणि पैसे दुसऱ्यांदा जातील. मोरी, नळ, दांड्या त्या पाठोपाठ, एकाच प्लंबर-गवंड्याच्या जोडीकडून. सेन्सरचे दिवे आणि बटणांचा क्रम सामान हलवायच्या आदल्या दिवशी केला तरी चालेल. इपॉक्सीचा कठडा पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस मोकळे ठेवा, तोवर त्यावर पाय देऊन आत उतरू नका.