पुढच्या सतरंजीवरून : ऐकलेल्या माणसांचे अनुभव

परवा कपाट आवरताना जानेवारी २०२० चा एक बिल्ला सापडला. उस्मानाबादच्या (तेव्हा नाव तेच होतं) त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचा. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटनाला ना. धों. महानोर. दोघंही आता नाहीत. दोघांना मी मंडपात बसून ऐकलं, पण खरं सांगतो, त्यांचं एक अख्खं वाक्य आज मला सांगता येणार नाही. आठवतात ते शेजारचे धोतरवाले आजोबा. पिशवीतून भाकरी अन् ठेचा काढला, अर्धी मला दिली, तेवढ्यात महानोर बोलायला लागले. आजोबांनी हातातला घास शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला.

तर मराठवाड्यात कुठंही, संमेलनात, व्याख्यानमालेत, गणपतीपुढं, कॉलेजात कुणाला ऐकलं असेल तर लिहा. वक्त्याचा मोठेपणा नको, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यापाशी काय उरलं ते सांगा.

निवृत्त शिक्षक, नांदेड

मग विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींपासूनच सुरुवात करावी लागेल. सत्तरच्या दशकात मी नांदेडला शिकत होतो. त्यांच्या पीपल्स कॉलेजात नव्हतो, पण गुरुजी बोलणार म्हटलं की जायचंच. विषय तिथं गेल्यावर कळायचा. मनुस्मृती, नाट्यशास्त्र, हैदराबादचा मुक्तिलढा, काहीही असायचं. ज्याचं म्हणणं खोडायचं त्याची बाजू ते आधी अशी मांडायचे की वाटायचं, बास, हेच खरं. मागून कुणीतरी टाळीही द्यायचा. मग पाऊण तास त्याच बाजूची एकेक वीट काढत जायचे आणि टाळीवाला मान खाली घालायचा. एकदा तो टाळीवाला मीच होतो. पुढं तीस वर्षं शिकवलं. पोराचं चुकलेलं उत्तर आधी पुरतं ऐकून घ्यायचं, ही खोड तिथली.

१० फेब्रुवारी १९८२ ला ते औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेलो, पण शिकवलं नाही. सहावीची पोरं, त्यांना काय कळणार! एकानं उठून गुपचूप फळा पुसून ठेवला.

अंबाजोगाईची माहेरवाशीण

आमच्याकडं यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह. यशवंतराव गेले २५ नोव्हेंबरला, त्यामुळं समारोह ऐन थंडीच्या तोंडावर. कविसंमेलन, शेतीवरची चर्चा, रात्री गाणं. दिवेलागणीनंतर पोरींनी घराबाहेर पडायचं नाही हा घरचा कायदा त्या दिवसांत गुंडाळून ठेवलेला असायचा. म्हणून मला कोणता कवी काय म्हणाला यापेक्षा रात्री बाराला मोकळ्या रस्त्यानं, आईच्या घोंगडीत दोघी बहिणी शिरून घरी चालत आल्याचंच जास्त आठवतं.

आई चौथी शिकलेली. वाटेत विचारायची, "काय म्हणला गं तो पाहुणा?" स्वतः सगळं ऐकलेलं असायचं. मी सांगायला लागले की चुका काढायची. कॉलेजात मी होते, पण लक्ष तिचं जास्त असायचं.

साउंडवाला, लातूर जिल्हा

मराठवाड्यात सगळ्यात जास्त भाषणं अर्धी ऐकलेला माणूस मी. उरलेली अर्धी जनरेटरपाशी जातात. कवी माईक तोंडातच घालतो, प्राध्यापक हातभर लांब उभा राहतो अन् पुढारी दोन टिचक्या मारल्याबिगर सुरू होत नाही. नवीन पोरांना मी हेच आधी शिकवतो.

लोडशेडिंगच्या काळातली गोष्ट. शेतमालाच्या भावावर बोलणारे एक सत्तरीतले गृहस्थ आले होते. ऐन भरात लाइट गेली, जनरेटर चालू होईना. लोक उठतील म्हणून मला घाम फुटला. ते सरळ स्टेजवरून उतरले अन् सतरंजीवर येऊन बसले. माणसं सरकत सरकत भोवती गोल झाली. पंधरा मिनिटांनी जनरेटर एकदाचा फडफडला, तर पुढचे माझ्यावरच खेकसले, "बंद कर की ते, बोललालेत न्हवं!" त्या दिवशीचं भाडं मात्र पूर्ण दिलं.

प्राध्यापिका, परभणी

ही आमच्याच फजितीची. कॉलेजात एक नामवंत लेखिका बोलावल्या होत्या. साडेअकराला वेळेवर हजर. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, सत्कार, सत्कार, परत सत्कार. त्यांचा परिचयच पंचवीस मिनिटं. बोलायला त्या उभ्या राहिल्या पावणेदोनला. आमची पोरं खेड्यावरून येणारी, दोनची एसटी चुकली तर पुढची पाचला. बाई उठल्या तशी अर्धं सभागृह उठलं. बाईंना वाटलं आपल्या मानासाठी उठलेत. हात जोडून म्हणाल्या, "बसा, बसा." त्यांना तो दिवस आठवत नसेल अशी मी आजही आशा करते.

उदगीर, २०२२

संमेलन एप्रिलात. कूलरपुढच्या खुर्चीसाठी दोन कवी भांडताना पाहिले. दोघंही उन्हावर कविता लिहिणारे. एवढंच.

हिंगोलीची, सध्या पुण्यात

शाळेत अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) कार्यकर्त्यांनी जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवला होता. घरी करू नका म्हणून दहादा बजावलं, म्हणजे मी केलाच. चुलतभाऊ पाया पडला, आजीनं पाठीत धपाटा घातला. पुढं लातूरला शिकताना अंनिसच्याच नरेंद्र दाभोलकरांना एकदा ऐकलं. आवाज चढवत नव्हते. मी चिठ्ठीवर प्रश्न लिहिला होता, आजीला न दुखावता हे सगळं घरात कसं बोलायचं? चिठ्ठ्या बऱ्याच होत्या, वेळ संपली, माझी राहिली. म्हटलं पुढच्या वेळी विचारू. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. आजीशी अजून बोलणं झालेलं नाही. ती पंच्याऐंशीची आहे.

नागसेनवन, छत्रपती संभाजीनगर

वडील मोंढ्यात हमाल. अक्षरओळख नव्हती. दरवर्षी ११ ते १४ एप्रिल, जोतिबांच्या जयंतीपासून बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत, शहरात जिथं जिथं व्याख्यान असेल तिथं मला घेऊन जायचे. तेव्हा मी सातवीत. पुढं मिलिंद कॉलेजात गेलो, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या. तेव्हाही सोबत तेच. वही माझ्या हातात, कोपर त्यांचं. वक्ता तावातावानं बोलत असला की वडील शांत. साल आलं, आकडा आला, पुस्तकाचं नाव आलं की कोपर बसलंच. "लिही. बाकीचं ध्यानात ऱ्हातंय."

अशा तीन वह्या आहेत. भाषण कुठंच नाही, नुसती सालं आणि पुस्तकांची नावं. नोकरी लागल्यापासून एकेक पुस्तक मिळवतोय. वडील होते तोवर रात्री वाचून दाखवायचो. चार पुस्तकं काही केल्या सापडत नाहीत, कदाचित नावं मीच चुकीची लिहिली असतील, सातवीतलं अक्षर. इथं जुन्या पुस्तकांचा नाद असलेलं कुणी असेल तर यादी टाकू का?