मदत हवी आहे: कोजी याकुशो यांचं १९८०च्या दशकातलं टीव्हीवरचं काम कुठे पाहता येईल?

नमस्कार मंडळी,

'परफेक्ट डेज' हा चित्रपट पाहिल्यापासून जपानी अभिनेते कोजी याकुशो मनातून जात नाहीत. टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा हिरायामा त्यांनी जवळजवळ न बोलता उभा केलाय. २०२३ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच.

मग मागे मागे जात 'शॅल वी डान्स', दिग्दर्शक इमामुरांचा 'द ईल' आणि कियोशी कुरोसावांचा 'क्युअर' हे चित्रपट पाहिले. 'क्युअर'मधला थकलेला, आतून पोखरला जाणारा पोलीस अधिकारी पाहून तर सुन्न झाले.

आता अडलंय ते टीव्हीपाशी. नागासाकी प्रांतातल्या इसाहायाचा हा मुलगा आधी टोकियोत सरकारी कचेरीत नोकरीला होता, नंतर अभिनेते तात्सुया नाकादाईंच्या नाट्यशाळेत शिकला. जपानभर नाव झालं ते एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या १९८३च्या 'तोकुगावा इएयासू' या ऐतिहासिक मालिकेतल्या ओदा नोबुनागा या सोळाव्या शतकातल्या सरदाराच्या भूमिकेमुळे. तो तरुण, धगधगता नोबुनागा मला पाहायचाच आहे.

ही मालिका इंग्रजी सबटायटल्ससह अधिकृतपणे कुठे मिळते का? डीव्हीडी मागवली असेल तर भारतातल्या प्लेअरवर चालली का? जपानमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर नक्की सांगा. चोरीच्या लिंक मात्र नकोत.