कॅन्सरनंतर स्कायडायव्हिंग: कुणी केलंय का? (आणि घरच्यांना कसं पटवलंत?)

अर्धवट विणकाम

नमस्कार. वय ५३. डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, आठ कीमो, मग रेडिएशन. सगळं संपून परवा दोन वर्षं झाली. आता रोज एक लेट्रोझोलची गोळी आणि सहा महिन्यांनी फॉलोअप, एवढंच उरलंय. रिपोर्ट चांगले आहेत. म्हणजे मी बरी आहे, सगळे तसंच म्हणतात.

खरं सांगू? उपचार चालू होते तेव्हा मी जास्त ठीक होते. रोज कुठेतरी जायचं असायचं, कुणीतरी तपासायचं, काहीतरी चालू आहे असं वाटायचं. आता जरा पाठ दुखली की रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. कशात मन लागत नाही. स्वेटर विणायला घेतला तो बाहीपाशी अडकलाय. (आयडी त्यावरूनच.)

मागच्या महिन्यात मुलीने एक व्हिडिओ दाखवला. माझ्याच वयाची बाई, कॅन्सरमधून उठलेली, विमानातून उडी मारत होती. वाऱ्याने गाल पार कानापर्यंत गेलेले. दिसत होती भयंकर! पण खाली उतरल्यावर ती जे हसली ते मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माळ्यावरचं काही काढायचं तर मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच जीव मुठीत धरते, हेही सांगून ठेवते.

नवरा म्हणाला, "एवढं वाचवलं ते वरून फेकायला का?" त्यांचंही चूक नाही.

कुणी केलंय का? खरंच काही बदलतं, की चार दिवसांचं कौतुक? आणि डावा हात मधूनमधून सुजतो, त्याचं काय करायचं?

निवांत

ताई, मरणाच्या दारातून परत आलात, पुन्हा ते दार कशाला ठोठावायचं? सकाळी अर्धा तास प्राणायाम करा, मन शांत होईल. हे सगळं तरुण पोरांचं खूळ आहे.

पुन्हा कुरळी

विणकामताई, केलंय. एकदाच. डावीच बाजू, तुमच्यासारखीच. उपचार संपून चार वर्षं झाल्यावर.

निवांत, राग मानू नका. प्राणायाम मीही करते. पण मन शांत नाही अशी ताईंची तक्रारच नाहीये. फार शांत झालंय, तीच तक्रार आहे.

आधी ते "उपचार चालू होते तेव्हा ठीक होते" बद्दल. मलाही वाटायचं की मीच कृतघ्न आहे. मग कळलं, फिट्झह्यू मलन नावाचे एक डॉक्टर होते, स्वतः कॅन्सरमधून गेलेले. त्यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की यातून जगण्याचे तीन ऋतू असतात. पहिला उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात परत होईल ही भीती मुक्कामाला येते. तिसरा, जेव्हा धोका बराच मागे पडतो तेव्हाचा. मी दुसऱ्या ऋतूत घर बांधून राहिले होते.

आता उडी. मी शिवणकाम करते, पंचवीस वर्षं. त्यामुळे हार्नेस हातात आल्यावर मी आधी शिवण पाहिली. पट्ट्यांच्या जोडांवर जाड दोऱ्याची नागमोडी टीप, पुन्हा पुन्हा फिरवलेली, एक टाका सैल नाही. अर्धी धास्ती तिथेच गेली.

उरलेली अर्धी कसली होती सांगते, हसू नका. मी नवीन स्तन बसवून घेतलेला नाही, ब्राच्या कप्प्यात सिलिकॉनचा घालते. आदल्या रात्री मला पडण्याची भीती वाटतच नव्हती. ताशी दोनशेच्या वाऱ्यात तो निसटला आणि खाली कुणाच्या टाळक्यात पडला तर? शेवटी काढून बहिणीच्या पर्समध्ये ठेवला आणि तशीच सपाट, चारचौघांत उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. छातीचा पट्टा नेमका व्रणावर येत होता. इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर त्याने पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली, पट्टा जरा खाली घेतला आणि पुढच्या बकलाकडे वळला. जणू मी म्हणाले होते की बूट चावतोय. त्या जागेशी इतकं साधं वागलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

फॉर्मवर सही करताना गंमत वाटली. ऑपरेशनपासून सह्या करून हात सरावलेला. मृत्यूसुद्धा येऊ शकतो, हे वाक्य तिथल्याही कागदावर होतं, इथल्याही. पण इथे पेन मी स्वतः मागून घेतलं.

वर गेल्यावर दार उघडलं आणि थंडी आत घुसली. पाय बाहेर लोंबतायत, खाली शेतांचे तुकडे, चिंध्यांच्या गोधडीसारखे. पुढचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की मी श्वास धरून ठेवला होता. डाव्या बाजूच्या रेडिएशनला काही जणींना श्वास भरून धरायला लावतात, छाती फुगली की हृदय जरा लांब जातं म्हणून. मीही सगळ्या सिटिंग्जना तशीच पडून होते, हलायचं नाही, श्वास धरा, सोडा. तीच सवय! विमानातून पडतेय आणि मी शहाण्यासारखी श्वास धरून "सोडा" म्हणायची वाट बघतेय. मागे बांधलेल्या इन्स्ट्रक्टरची खांद्यावर थाप बसली. मग ओरडले. ओरडायचं तर श्वास घ्यावाच लागतो.

आणि केस. कीमोच्या दुसऱ्या आठवड्यात माझे केस नुसता हात फिरवला तरी मूठभर हातात यायचे. नंतर आले ते कुरळे आले, जन्मभर सरळ होते. वर त्या वाऱ्याने ते मुळापासून ओढले, इतके की टाळू दुखली. तरी एक सुटला नाही. मला तेव्हा बाकी काही सुचत नव्हतं, फक्त हे कळत होतं की दुखतंय आणि टिकलेत.

हसू मात्र पॅराशूट उघडल्यावर आलं. एक हिसका बसतो आणि मग एकदम शांत. इतकी शांतता की आपल्या कपड्यांची फडफड ऐकू येते. मी मोठ्याने एक शिवी दिली, इथे लिहिता येणार नाही अशी. कुणाला दिली ते माझं मलाही माहीत नाही. मग इन्स्ट्रक्टरने पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी माझ्या हातात दिल्या, मी उत्साहात दोन गिरक्या मारल्या आणि मळमळायला लागलं. तर ते तेवढं टाळा.

बदललं का काही? स्कॅनच्या आदल्या रात्री मला अजूनही झोप नाही. पण दुसऱ्या दिवशी मांड्यांवर पट्ट्यांचे निळे वळ होते आणि पाठ ठणकत होती, आणि दुपारी लक्षात आलं की सकाळपासून आपण एकदाही घाबरलेलो नाही. कारण दुखतंय ते का, हे मला माहीत होतं. किती वर्षांनी! तो आनंद पक्का तीन आठवडे टिकला, मग ओसरला. अजून कधीतरी येतो. पंख्याखाली बसलं आणि केस उडाले तरी येतो.

वारा किती

मी टँडम इन्स्ट्रक्टर आहे. वरचा अनुभव वाचून बरं वाटलं, पण आता थोडं रुक्ष बोलतो, कारण ताईंच्या प्रश्नात एक शब्द आहे जो आम्हाला महत्त्वाचा वाटतो: लेट्रोझोल.

टँडममध्ये तुम्ही आमच्या पुढ्यात चार ठिकाणी बांधलेल्या असता. उडी साधारण १० ते १४ हजार फुटांवरून. पहिलं अर्धा मिनिट ते मिनिट मोकळं पडणं. दोघांचं वजन जास्त म्हणून मागे ड्रोग नावाचं छोटं पॅराशूट सोडतो, त्याने वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास राहतो. पाच हजार फुटांच्या सुमारास मुख्य पॅराशूट, मग पाच-सहा मिनिटं तरंगणं. राखीव पॅराशूट वेगळं असतं, आणि हवेच्या दाबावरून उंची ओळखून तेच उघडणारं यंत्रही असतं. शिडीला घाबरणाऱ्यांनी एक ऐका: पाळण्यात पोटात गोळा येतो तसा इथे सहसा येत नाही. विमान आधीच ताशी दीडशेच्या वर वेगाने जात असतं, त्यामुळे बाहेर पडताक्षणी वारा तुम्हाला धरतो. शिवाय तेरा हजार फुटांवर शेजारी काहीच नसतं, नजरेला उंचीचा अंदाजच येत नाही. शिडीवर भिंत दिसते ना, म्हणून भीती.

वय आडवं येत नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी २०१४ मध्ये नव्वदाव्या वाढदिवसाला टँडम उडी मारली, तेव्हा त्यांना चालताही येत नव्हतं. आडवी येतात ती हाडं. लेट्रोझोलसारख्या गोळ्या इस्ट्रोजेन घटवतात आणि त्यात हाडं विरळ होतात. पॅराशूट उघडतानाचा हिसका आणि उतरताना बसून घसरणं, दोन्ही शेवटी मणक्यावर येतं. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतल्याशिवाय ठरवूच नका. हाडात कॅन्सर पसरलेला असेल तर मी स्वतः कुणालाही घेऊन जात नाही.

बाकी डॉक्टरांना विचारायचं ते असं. कीमोत लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन होतं का? त्याने हृदयाची ताकद कमी होऊ शकते, इको (हृदयाची सोनोग्राफी) जुना असेल तर नवीन करा. हिमोग्लोबिन विचारा, कारण वर प्रत्येक श्वासात जमिनीच्या मानाने ६०-७० टक्केच ऑक्सिजन मिळतो. प्लेटलेट कमी असतील तर पट्ट्यांचे वळ साधे राहत नाहीत. कॉलरबोनखाली कीमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) अजून असेल तर पट्टा त्यावर येणार. हाताच्या सुजेचं म्हणाल तर स्लीव्ह (सूज दाबणारी घट्ट बाही) घालून उडी मारलेले लोक मी पाहिलेत, पण सूज चढती असताना नको, आणि ते ठरवणार तुमचे डॉक्टर. सर्दी असेल तर त्या दिवशी घरी बसा, उतरताना कान फुटतात की काय असं होतं.

आणि कृपा करून फॉर्मवर खोटं लिहू नका. "नाही म्हणतील" म्हणून लोक लपवतात. एकदा विमानात दार उघडायच्या जरा आधी एका गृहस्थांनी मला सांगितलं की मणक्याचं ऑपरेशन झालंय. आम्ही दोघं विमानातूनच खाली आलो. ते माझ्याशी बोलले नाहीत.

जमिनीवरचा

मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा माणूस. बायकोने उडी मारली, मी खाली मान वर करून उभा होतो.

तिच्या आजारपणात मी सगळं केलं, डबे, रिपोर्टची फाइल, रांगा. त्यामुळे ती माझ्या हातून सुटून काही करणार हेच मला झेपत नव्हतं. भांडलो. "माझ्या मेहनतीचं काय?" असंही बोललो, लाज वाटते आता. तिचं उत्तर होतं, "मला रोज सांभाळून ठेवतोस ना, त्याचाच कंटाळा आलाय."

विमानातून ठिपका सुटला तेव्हा मी मोजायला लागलो. बावन्नपर्यंत गेलो आणि रंगीत कापड उघडलं. ऑपरेशन थिएटरबाहेर साडेपाच तास काढलेत मी, पण हे बावन्न अंक त्याहून लांब होते. उतरल्यावर ती माझ्याकडे धावत आली नाही. आधी इन्स्ट्रक्टरच्या पाठीत धपाटा घातला, मग गवतावर आडवी पडून आकाशाकडे बघत बसली. मी पाण्याची बाटली घेऊन तसाच उभा. चांगली पाच मिनिटं.

यजमानांना बरोबर न्या. घरी बसून फोनची वाट बघायला लावू नका.

अर्धवट विणकाम

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, सॉरी. डेक्सा केली. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडं बरीच विरळ. डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, सध्या नाही. हाडांचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी, वर्षभराने पुन्हा बघू. तेव्हाही हो म्हणेनच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बाकी इको चांगला, रक्त चांगलं.

गाडीत बसून रडले. नवरा घाबरला, त्याला वाटलं रिपोर्टमध्ये भलतंच काही निघालं. म्हटलं, अहो, उडी नाही म्हणून रडतेय. तर हसायलाच लागले. मग मीही.

'वारा किती', तुमचे आभार. ती डेक्सा मी दोनदा पुढे ढकलली होती, या उडीपायी झाली. 'जमिनीवरचा' यांचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी स्वतःच शोधून काढलं की उभ्या काचेच्या नळकांड्यात खालून वारा सोडतात, त्यात जमिनीपासून थोडंसंच वर तरंगता येतं. पॅराशूट नाही, हिसका नाही. डॉक्टरांना फोनही यांनीच केला. खांद्याची हालचाल तपासून मग सांगतो म्हणालेत, पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे जायचंय. हे काचेबाहेर उभे राहून मोजणार आहेत म्हणे.

कुरळीताई, एकच विचारायचं होतं. त्या नळकांड्यात हेल्मेट घालावं लागतं असं वाचलं. मग केसांना वारा लागतो का?