ईस्टरच्या अंड्याचा कबरीशी काय संबंध?

तापीकाठची (भुसावळ):
आमच्या शेजारी राहणाऱ्या ख्रिस्ती काकूंनी ईस्टरला चार रंगवलेली उकडलेली अंडी आणि सोबत मार्झिपॅनची अंड्याच्या आकाराची गुलाबी मिठाई पाठवली. आमचे घर माळकरी आहे, तरी भेट प्रेमाची म्हणून मी ठेवून घेतली. सातवीतल्या मुलीने मात्र अडवले: येशू कबरीतून उठला इथवर कळले, मग त्यात कोंबडीचे अंडे कुठून आले? त्यातच एका नातेवाइकांनी मोबाइलवर मजकूर धाडला आहे की हा सण मुळात वसंतदेवतेचा असून चर्चने तो उचलला. यात तथ्य किती, आणि तारीख दरवर्षी का बदलते, हे जाणकारांनी सांगावे.

रेल्वे क्वार्टर (भुसावळ):
ताई, मुलीची शंका रास्त आहे, कारण पुनरुत्थानाच्या वृत्तांतात अंडे कुठेही येत नाही. तिथे आहे ती बाजूला लोटलेली धोंड आणि रिकामी कबर. शुक्रवारी क्रूसावर मेलेला ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असे बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात उघडच म्हटले आहे. अंडे आले ते स्वयंपाकघरातून. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत; कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नसतो, उलट हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की त्या अधिकच अंडी घालतात. मग साठलेली अंडी उकडायची, रंगवायची आणि सणाला खायची, असा तो रिवाज पडला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च मांडलेला आहे. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून वाटण्यासाठी होती. अर्थ मागाहून जोडला गेला, पण तो शोभला: कवच म्हणजे बंद कबर, बाहेरून दगडासारखी निर्जीव, आणि आत जीव. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अंडी लाल रंगवतात, तो ख्रिस्ताच्या रक्ताचा रंग.

आमची आजी पातेलेभर कांद्याची टरफले उकळून त्या पाण्यात अंडी रंगवत असे. अंड्यावर कोथिंबिरीचे पान चिकटवून वरून मलमलीचा तुकडा घट्ट बांधायचा. उकडल्यावर कापड सोडले की तांबूस कवचावर पानाचा फिकट ठसा उरतो. भुसावळच्या उन्हाळ्यात ती अंडी त्याच दिवशी संपवावी लागत, हे वेगळे सांगायला नको. आणखी एक: मार्झिपॅनमध्ये काजू किंवा बदाम, साखर व गुलाबपाणी यांबरोबर पुष्कळ घरी अंड्याचा पांढरा भागही घालतात, तेव्हा खाण्याआधी काकूंना विचारून घ्यावे.

नवापूरकर:
आमच्या प्रॉटेस्टंट मंडळीत अंड्यांची प्रथा नाही आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. पहाटे अंधार असतानाच आम्ही कबरस्तानात जातो, आदल्या दिवशी चुना दिलेल्या कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि उजाडेपर्यंत गीते म्हणतो, कारण स्त्रिया येशूच्या कबरीपाशी पहाटेच गेल्या होत्या. एकाने ‘प्रभू उठला आहे’ म्हटले की बाकीचे ‘खरोखर उठला आहे’ असे उत्तर देतात. कवचाचे रूपक मला जरा खटकते: पिल्लू बाहेर येते ते निसर्गक्रमाने, मेलेला उठणे हा निसर्गक्रम नव्हे. त्यापेक्षा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा मुलीला सांगावा, जो मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो. त्या दिवसांत गहू नुकताच घरात आलेला असतो, त्यामुळे आमच्या पोरांना तो लगेच कळतो.

जुना वाचक (जळगाव):
दाण्याचेही उगवणे निसर्गक्रमानेच होते, तेव्हा तो आक्षेप दोन्हीकडे लागू पडतो, असो. देवतेच्या गोष्टीला आधार आहे तो एवढाच, की बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने इ. स. ७२५ मधील ग्रंथात एका महिन्याचे नाव इओस्त्रे या देवतेवरून पडल्याचे नमूद केले आहे. तिथे अंड्याचा उल्लेख नाही. शिवाय बहुतेक युरोपीय भाषांत सणाचे नाव ‘पास्खा’पासून, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडणापासून आले आहे; त्यामुळे देवतेचा वाद इंग्रजी आणि जर्मन नावांपुरताच उरतो, सणापुरता नव्हे.

तारखेचे म्हणाल, तर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा चर्चचा नियम आहे. म्हणून ईस्टर कधी होळीनंतरच्या रविवारी येतो, जसा २०२४ मध्ये ३१ मार्चला आला, तर कधी हनुमान जयंतीनंतर, जसा २०२५ मध्ये २० एप्रिलला. चंद्र पाहून सण ठरवणे आपल्याला काही नवे नाही.

तापीकाठची (भुसावळ):
सर्वांचे आभार. काकूंना विचारले, मिठाईत पांढरा भाग होता, म्हणून ती अंड्यांसह समोरच्या घरी दिली. एक अंडे मात्र मुलीने मागून घेतले, त्यावर खरोखरच पानाचा ठसा आहे. काकूंची रिकामी वाटी आखाजीला खापरावरच्या मांड्यांसोबत परत जाईल.